पिवळ्या खोलीतली निळी फीत

१

काच गेली होती. फुटली असती तर झाडूनं गोळा केली असती, पण ही डबीसकट गेली होती.

"आणि चोरही सापडलाय, मुक्ताबाई," संचालक म्हणाले आणि चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. "तुम्ही फक्त चौकशी करायची आणि अहवालावर सही करायची."

"चोर सापडलाय तर चौकशी कशाची?"

"तसा नियम आहे. बाहेरचा माणूस लागतो."

म्हणजे लग्न लावून झालं, आता बाई, मुलगी बघून घ्या! माझं डोकंच सणकलं. मी गंगापूरकडची. पोरीला फिजिक्स कशाला म्हणणाऱ्या भावकीच्या नाकावर टिच्चून शिकले, जन्मभर कॉलेजात उजेडाचं शास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाले. कुणी आधीच ठरवलेली गोष्ट माझ्यापुढं ठेवली की मी ती उलटी करून बघते. ही खोड काही जात नाही.

त्र्याण्णवचा हिवाळा होता. शहरातल्या मोठ्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून भिंती रंगल्या होत्या, एसट्या अडकल्या होत्या, घराघरात जेवताना भांडणं होत होती. सकाळी माझा रिक्षावाला म्हणाला, "बाई, क्रांती चौक बंद है, घूमके जाना पडेंगा." तिकडं वाळूजला मात्र नवे नवे कारखाने उभे राहत होते. त्या कारखानदारांच्या आशेवरच आमचं गोदा विज्ञानपीठ सातारा डोंगराच्या पायथ्याशी तग धरून होतं.

विज्ञानपीठाची शान म्हणजे तिथली क्लीनरूम. आत गाळलेली हवा. कुंकू, पावडर, बांगड्या, पेन्सिल, सगळं बाहेर ठेवायचं आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवायचा. डोळे तेवढे उघडे. त्या खोलीच्या पोटात आणखी एक खोली, पिवळी. तिथं सिलिकॉनच्या चकतीवर एक लेप देतात. तो साध्या उजेडात नासतो, म्हणून तिथं सगळा उजेड पिवळा; फोटोवाल्याकडं लाल दिवा असतो तसा. हरवलेली काच म्हणजे त्या कामाचा साचा. तिच्यावरची बारीक नक्षी उजेडानं चकतीवर उतरते आणि चकतीचे तुकडे केले की इंजिनाची उष्णता मोजणारे इवलाले सेन्सर तयार होतात. परवा वाळूजचे मोठे कारखानदार ते बघायला यायचे होते.

"चोर कोण?" मी विचारलं.

"कडुबा. तो संशोधक विद्यार्थी. आमचे प्रशासन अधिकारी पुंजाराम यांनी त्याला डोळ्यांनी बघितलंय."

"आणि मी सही केली की?"

"त्याची नोंदणी रद्द. मग पोलीस. त्यानं माफीनामा लिहून दिला तर पोलीस टाळू."

म्हणजे पोराची डॉक्टरेट गेली, वर चोर म्हणून शिक्का. मी चहा तसाच ठेवला आणि उठले.

२

पुंजाराम गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते. माझ्याकडं कमी आणि दाराकडं जास्त बघत होते.

"मी बाहेरच्या बोळातून चाललो होतो, बाई. खिडकीतून पिवळी खोली दिसते. आत एक जण काचेची डबी उचलत होता."

"सगळे पांढरे झगे. तोंडं झाकलेली. तुम्ही ओळखलंत कसं?"

"छातीवर निळी फीत टाचलेली! झग्यावरच. लख्ख निळी. आता आपल्याकडं अशी फीत कोण लावून हिंडतो, ते साऱ्या विज्ञानपीठाला माहीत आहे."

"निळीच होती? नीट आठवा."

"बाई, मी काय आंधळा आहे का?"

नव्हते. माणूस आंधळा नव्हता, हे मी मनात टिपून ठेवलं.

प्रकल्पाचे प्रमुख डॉ. अप्पाराव यांची केबिन वर होती. टेबलावर भारी सूक्ष्मदर्शक, भिंतीवर मंत्र्यांसोबतचे फोटो. माणूस गोड बोलणारा. इतका गोड की मला गुळणी करावीशी वाटली.

"मला फार वाईट वाटतंय, मॅडम. हुशार मुलगा. पण हल्ली डोक्यात भलतंच शिरलं होतं. ती फीत! बाहेर लावा ना, कोण नाही म्हणतं? पण हा पिवळ्या खोलीतसुद्धा झग्यावर लावून यायचा. मी रोज आत असतो. डोळ्यात खुपायचा तो निळा रंग."

"तुम्ही त्याला रागावला नाहीत?"

"दिवस कसे आहेत, तुम्ही बघताच आहात. म्हटलं, उगाच वाद नको."

कडुबा खाली झाडाखाली उभा होता. लासूर स्टेशनच्या भीमनगरातला. बाप मोंढ्यात पोती उचलायचा. अंगात इस्त्री केलेला सदरा, खिशावर निळी फीत. नमस्कार केला, पण मान झुकवली नाही. मला ते आवडलं.

"फीत माझीच हाय, बाई. नामांतराची हाय. लावतो, लावणार. पण सदऱ्यावर. आत जाताना वर झगा चढतो, मग फीत दिसंल कशी? झग्यावर टाचणी टोचली तर झगाच बाद व्हतो. मी नवीन पोरांना हेच शिकवतो."

"संचालक म्हणतात, माफीनामा लिही."

"कशाची माफी? ती काच मी केली. तांबड्या फिल्मवर ब्लेडनं मोठी नक्षी रेघ रेघ कापली, मग ती बारीक करून काचेवर उतरवली, डोळे फुटायची येळ आली. माझीच काच मी चोरून करू काय?" त्याचा आवाज चढला. "तुम्ही सही करा नायतर नका करू. माझ्या हातून माफी निघणार नाय."

"माझ्यावर कशाला डाफरतोस? अजून सही केली नाही मी."

तो ओशाळला. पण नजर खाली घातली नाही.

३

आता फायदा कुणाचा, हे बघायचं होतं. कडुबाबरोबर लीला नावाची मुलगी काम करायची. पुढच्या संशोधनाला बंगळूरला जायची एकच जागा होती आणि त्या जागेवर दोघांचा डोळा होता.

"तो गेला तर जागा मला मिळते, बाई. खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "पण त्या काचेशिवाय माझंही काम बंद पडतं. आणि कडुबा झग्यावर फीत लावून आत आला असता ना, तर सगळ्यात आधी मीच भांडले असते. धूळ येते हो!"

मग बन्सी. क्लीनरूमचा तंत्रज्ञ, पाचोडचा. वाळूजच्या एका कारखान्यानं त्याला जास्त पगाराचं बोलावणं केलं होतं, हे मला चहाच्या टपरीवरच कळलं होतं. काच हातात घेऊन गेला असता तर कारखान्यानं पायघड्या घातल्या असत्या.

"गेलो असतो तर उजळ माथ्यानं गेलो असतो," बन्सी म्हणाला. "आणि बाई, काच न्यायला आत कशाला जाया पाहिजे?"

"म्हणजे?"

"काम झालं की डबी भिंतीतल्या कपाटात ठेवतो. त्याला दोन दारं. एक आतून, एक बाहेरच्या बोळातून. सायबाला वर आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आसंल तर बाहेरून काढून न्यायची, झगा घालायची कटकट नाय. किल्ली ऑफिसात खुंटीला असती."

"त्या दिवशी काच कुठं होती?"

"कपाटातच. म्याच ठेवली की."

"हे संचालकांना सांगितलंस?"

"विचारलं कुणी?"

मी त्या कपाटाकडं बघत राहिले. काच बाहेरच्या दारातून सहज नेता येत होती. मग पुंजारामनी चोराला आत, पिवळ्या खोलीत, डबी उचलताना कसा बघितला?

"बन्सी," मी म्हटलं, "मला आत ने."

साडीवर झगा चढेना, म्हणून लीलाचा पंजाबी ड्रेस मागून घातला. या वयात! लीला तोंड फिरवून हसली. कडुबाची फीत मी मागून घेतली. बन्सीनं कुरकुरत ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केली. आत काय दिसणार, याचा अंदाज मला पुंजारामच्या खोलीतच आला होता, पण असल्या गोष्टी मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोलत नाही. पिवळ्या खोलीत गेले, पिशवी उजेडाखाली धरली आणि झग्याच्या आत मोठ्यानं हसले. बन्सी दचकून मागं सरला.

४

आता मला चोर हवा होता. त्याहून जास्त, कारण हवं होतं. आपल्याच प्रकल्पाची काच कोण कशाला लपवेल?

कडुबाला मी डोंगराच्या बाजूच्या कट्ट्यावर घेऊन बसले.

"खरं सांग. त्या काचेवर नक्षीशिवाय दुसरं काय आहे?"

तो पहिल्यांदाच हसला.

"तुमाला कसं कळलं?"

"कळलं नाही. विचारतेय."

"बाई, असल्या कामात एक रीत हाय. जगात जिथं जिथं हे काम चालतं तिथं करणारा नक्षीच्या कोपऱ्यात आपली खूण सोडतो. कुणी फूल काढतो, कुणी पक्षी. डोळ्याला दिसत नाय, सूक्ष्मदर्शकाखाली दिसती." तो थोडा पुढं वाकला. "म्या माझं नाव घातलं."

"नाव?"

"आतापर्यंत माझ्या कामावर जेवढे पेपर छापून आले ना, सगळ्यांवर अप्पाराव सरांचं नाव. एकट्याचं. विचारलं तर म्हणाले, तुझं नाव कशाला, लोकांना उच्चारायला तरी येईल का? लई लागलं मनाला. मग म्हटलं, कागदावर घालत नाहीत ना, मी काचेवर घालतो. बघू कोण पुसतंय."

बाहेर अख्खं शहर एका नावासाठी रस्त्यावर उतरलं होतं, आणि इथं एका पोरानं ब्लेडनं आपलं नाव कोरून ठेवलं होतं.

"अप्पारावांना माहीत होतं?"

"नाय. ते काच कधी बघतच नव्हते. पण गेल्या सोमवारी पाहुणे येणार म्हणून पहिल्यांदाच वर मागवली. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग काच गेली."

मी उठून सरळ संचालकांकडं गेले.

"उद्या सगळ्यांना बोलवा आणि चौकशीची बैठक पिवळ्या खोलीत घ्या," मी म्हटलं.

"खोलीत? बैठक? बाई, काहीतरीच काय!"

"नाहीतर मी सही करणार नाही. आणि बाहेरच्या माणसाच्या सहीशिवाय तुमचा नियम पुढं जात नाही."

५

पांढऱ्या झग्यात सगळे सारखेच. संचालक कोण, तंत्रज्ञ कोण, कुणाची जात कोणती, काही कळत नाही. मला हा कारभार फार आवडला.

पण आत जाण्याआधीच एक गंमत घडली. झगा घालायचा क्रम असतो: आधी टोपी, मग तोंडपट्टी, मग झगा, मग बाकावरून पाय पलीकडं टाकून पायमोजे, आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. लीला, बन्सी, कडुबा बोलता बोलता तयार झाले. अप्पारावांनी आधी हातमोजे चढवले आणि त्याच हातांनी बुटाच्या नाड्या सोडायला वाकले.

"सर, सर!" बन्सी ओरडला. "हातमोजे बाद झाले की!"

"माझा झगा कुठला?" अप्पाराव चिडून म्हणाले.

खुंट्यांवर प्रत्येकाच्या नावाची पट्टी होती. अप्पारावांच्या नावाची खुंटीच नव्हती. संचालकांनीही ते बघितलं.

पुंजारामना मी बाहेर बोळात, ते जिथं उभे होते म्हणाले तिथंच, पिवळ्या काचेच्या खिडकीपाशी उभं केलं. लीलाला त्यांच्याशेजारी पाठवलं. बोलायला भिंतीत यंत्र होतं. मग मी दोन पिशव्या काढल्या. एकीत कडुबाची निळी फीत. दुसरीत छत्रीच्या कापडाची तेवढीच काळी पट्टी. एक संचालकांच्या छातीवर चिकटवली.

"मी कशाला?" संचालक मागं सरले.

"कापड आहे, सर. चावत नाही."

दुसरी मी स्वतःला लावली.

"पुंजाराम, सांगा. निळी फीत कुणाच्या छातीवर आहे?"

खिडकीपलीकडं ते वाकले. डोळे बारीक केले. पुन्हा वाकले.

"दोन्ही... काळ्याच दिसतायत, बाई."

"लख्ख निळी ओळखता ना तुम्ही? मग ओळखा."

"तुमची... नाही, सरांची... उजेड कमी आहे."

"उजेड तेवढाच आहे, जेवढा त्या दिवशी होता." मी वळले. "अप्पाराव, तुम्ही रोज आत असता. डोळ्यात खुपणारी निळाई तुम्हाला दिसेल. दाखवा."

अप्पारावांनी दोन्ही पिशव्यांकडं बघितलं. आणि मोठ्या रुबाबात माझ्या छातीकडं बोट केलं. "ती!"

मी माझी पिशवी काढून कपाटात ठेवली. बाहेरून लीलानं दार उघडून ती बोळातल्या साध्या दिव्याखाली धरली. छत्रीचं काळं कापड.

लीलानं ते उलटसुलट करून खिडकीतून सगळ्यांना दाखवलं.

"वस्तू निळी दिसते, कारण ती निळा उजेड परत फेकते," मी म्हटलं. "या खोलीत निळा उजेडच नाही. जे नाही ते फेकणार काय? इथं निळं ते काळं दिसतं. बन्सीला विचारा, लीलाला विचारा, कडुबाला विचारा; इथं काम करणारं कुणीही ही थाप मारताना 'काळी फीत' म्हणालं असतं. 'निळी' म्हणणारा माणूस या खोलीत कधी राबलाच नाही. पुंजाराम आत येत नाहीत, त्यांचं मी समजू शकते. पण अप्पाराव, तुम्ही? तुमच्या नावावर या खोलीतलं सगळं संशोधन आहे आणि तुम्हाला इथला रंग माहीत नाही?"

"हा अपमान आहे!" अप्पाराव गरजले.

"व्हय. आहेच."

यंत्रातून पुंजारामचा आवाज आला. रडवेला. "सरांनी सांगितलं होतं, बाई. कपाटाचं बाहेरचं दार उघडून डबी मीच काढली आणि त्यांना दिली. म्हणाले, निळ्या फितीचं नाव घे, या दिवसांत कुणी उलट विचारणार नाही."

ते वाक्य ऐकलं आणि माझ्या अंगाची आग आग झाली. चोरीपेक्षा ते वाक्य वाईट होतं. आणि ते खरं निघालं होतं, हे त्याहून वाईट. मी येईपर्यंत खरंच कुणी उलट विचारलं नव्हतं.

६

काच अप्पारावांच्या केबिनमधल्या कपाटात मिळाली. गुपचूप पुण्याला पाठवून नावाचा कोपरा पुसून आणायचा, पाहुण्यांकडं चोरीच्या नावाखाली मुदत मागायची, आणि तोवर नावाचा मालक विज्ञानपीठाबाहेर काढायचा, असा बेत होता. अप्पारावांना संचालकांनी रजेवर धाडलं. पोलिसांचं नाव कुणी काढेना. आता चोर आपला निघाला ना!

संध्याकाळी संचालकांनी कडुबाला बोलावलं. मीही गेले, न बोलावता.

"झालं गेलं विसरून जाऊ," संचालक म्हणाले. "तुझ्यावरचं सगळं मागं घेतलं. बंगळूरसाठी शिफारसही करतो. फक्त एक कर. तो कोपरा बन्सीकडून पुसून घे. उद्या पाहुणे येतात. नावाचा विषय निघाला की... तुला माहीत आहे बाहेर काय चाललंय."

"माहीत हाय, सर. म्हणूनच नाय पुसणार."

"शिफारस नको तुला?"

"पाहिजे. नाव पुसून नको."

"मुक्ताबाई, तुम्ही समजवा याला."

"मला तर बरोबर वाटतंय त्याचं," मी म्हटलं. "आणि माझा अहवाल अजून माझ्याकडंच आहे. त्यात कोपऱ्याचंही लिहिलंय."

संचालकांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी वाळूजचे कारखानदार आले, सोबत त्यांचे दोन इंजिनिअर. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली होती. कडुबा बाजूला उभा, खिशावर फीत, हात मागं बांधलेले. कारखानदार डोळा लावून बराच वेळ बघत होते. बारीक रेघा बघून खूश झाले. मग काच सरकवता सरकवता थबकले.

"हे काय? अक्षरं आहेत ही!" ते मोठ्यानं वाचायला लागले. "क-डु-बा... लासूर स्टेशन! अहो, हे काय रेल्वेचं तिकीट आहे का?"

इंजिनिअर हसले. संचालक लगबगीनं पुढं झाले. "ती एक तांत्रिक खूण आहे, साहेब. काही विशेष नाही. आम्ही ती..."

"खूण नाय," कडुबा म्हणाला. "ते मी हाय."

हसणं थांबलं. कारखानदारांनी डोळा काढून त्याच्याकडं बघितलं. आधी चेहऱ्याकडं, मग फितीकडं, मग परत चेहऱ्याकडं. काय बोलतील याची मला धास्ती वाटली. माणूस व्यवहारी होता.

"तू केलीस ही काच?"

"व्हय."

"एकट्यानं?"

"रेघा मी कापल्या. खोली बन्सीभाऊनं राखली, लेप लीलानं दिला."

"आणि या काचेवरून चकत्या निघाल्या की हे नाव..."

"दर नक्षीसोबत चकतीवर उतरतं. चकतीचे तुकडे केले की हरेक तुकड्यावर."

"म्हणजे माझ्या कारखान्यातून जेवढे सेन्सर बाहेर पडतील त्या सगळ्यांवर? पुणे, मद्रास, जिथं जातील तिथं?"

"सगळ्यांवर, साहेब."

कारखानदारांनी पुन्हा डोळा लावला आणि या खेपेला बराच वेळ त्याच कोपऱ्यात राहिले. संचालक माझ्या कानाशी आले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"बाई," ते पुटपुटले, "आता या नावाचं काही करता येणार नाही का?"

"नाय," मी म्हटलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.